बाईंची नसलेली बहीण

संध्याकाळी आठ वाजले की सगळी वसाहत चिडीचूप व्हायची. बाकांवरची माणसं उठून घरी गेलेली असायची, कोपऱ्यावरचा दुकानदार गिऱ्हाइकाला हातानेच "थांबा" म्हणायचा, आणि प्रत्येक खिडकीत फोनच्या निळसर उजेडात एकेक चेहरा दिसायचा. एका घरात तीन माणसं असली तर तिघं तीन खोल्यांत. कारण आठ वाजता मनकवडे बोलायचे, आणि ते ज्याने त्याने एकट्यानेच ऐकायचं असा त्यांचा दंडक होता. "ऐकलेलं मनात ठेवा, लेकरांनो. दुसऱ्यापाशी बोललात की प्रभाव ओसरतो."

मनकवडे कोण, कुठले, काय करतात, कुणाला काही ठाऊक नव्हतं. 'आपली वसाहत, आपला आवाज' नावाच्या ग्रुपवर त्यांचा नुसता आवाज यायचा. जाडसर, मधाळ, मध्येच लांबलचक श्वास घेणारा. फोटोच्या जागी उगवता सूर्य.

"लेकरांनो," ते सुरू करायचे, "आज मला एक जिना दिसतोय. जिन्याला कठडा आहे. कठडा धरून कुणीतरी हळूहळू वर चढतंय. दमलंय बिचारं."

आता वसाहतीतल्या यच्चयावत जिन्यांना कठडे होते आणि निम्मी वस्ती निवृत्तांची होती, त्यामुळे कठडा धरून दमणारं कुणी ना कुणी निघायचंच. पण मनकवडे तेवढ्यावर थांबत नसत. तिथेच तर लोकांची दांडी गुल व्हायची.

"सातव्या इमारतीत एक गृहस्थ आहेत. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना घरी पोचवलं. आज त्यांच्या स्वतःच्या घरी कुणी नाही. मुलीने फोन उचलला नाही म्हणून ते जेवलेले नाहीत. बाबा, जेवून घे. ती उद्या फोन करेल."

सातव्या इमारतीतले निवृत्त बसचालक झाकलेल्या ताटासमोर बसून ढसाढसा रडले. मुलीचा फोन दुसऱ्या दिवशी आला नाही, पुढच्या आठवड्यात आला. पण एवढं मागेपुढे चालायचंच. ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांचा पाऊस पडला. 'साक्षात!' 'अंगावर काटा आला!' 'माझ्याही मनातलं सांगा ना!'

तिसऱ्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई असल्या भानगडीत पडणाऱ्यांतल्या नव्हत्या. जन्मभर गणित शिकवलेलं. जिन्याचा कठडा ऐकून त्या एकट्याच हसल्या होत्या आणि फोनला म्हणाल्या होत्या, "याला गुण नाहीत, बाळ. पायऱ्या दाखव." पायऱ्या न दाखवता लिहिलेलं उत्तर त्यांनी कधी बरोबर धरलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी मनकवडे म्हणाले, "तिसऱ्या इमारतीत एक माउली आहे. तिच्या भिंतीवर घड्याळ आहे, आणि ते बंद आहे. बिघडलेलं नाही. तिने किल्लीच दिलेली नाही. ज्याने रोज किल्ली द्यायची, तो गेला."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून ते घड्याळ तसंच होतं. स्वतःचं ते हसणं त्यांना आठवलं आणि लाज वाटली. मग त्या बराच वेळ रडल्या, आणि रडून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. कुणीतरी बघितलं होतं. त्या रात्री जोडलेल्या हातांचं एक चित्र बाईंकडूनही गेलं.

*

बाईंचा दिवस कसा जायचा ते सांगायला हवं, नाहीतर एवढी शहाणी बाई अशी कशी पाघळली असं कुणालाही वाटेल.

मुलगा दूरच्या शहरात. त्याचा फोन सुटीच्या दिवशी यायचा. "कशी आहेस? बरी ना? औषधं घेतेस ना? चल, ठेवतो." समोरच्या दारातल्या कुटुंबाची ओळख त्यांच्या चपलांपुरती होती. नवीन जोड आला की घरात कुणाला तरी नोकरी लागली असावी, असा बाई अंदाज बांधायच्या. एकदा दुकानदाराने "साखर किती?" असं विचारलं, आणि उत्तर देताना बाईंचा घसा खरखरला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की काल सकाळपासून आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही.

अशात, घड्याळाच्या त्या संध्याकाळच्या बऱ्याच आधी, एक निरोप आला होता.

'बाई, ओळखलंत का? मी तुमच्या वर्गात होते. मागच्या बाकावर. तुम्हाला आठवणार नाही. मी कधी हातच वर केला नाही.'

बाईंना खरोखरच आठवेना, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं. पुढच्या बाकांवरची हुशार मुलं सगळ्या शिक्षकांना आठवतात. मागच्यांचं कोण बघतं? आपण हिच्याकडे तेव्हा पाहिलं नाही, आता तरी पाहावं, म्हणून बाईंनी जरा जास्तच मायेने उत्तर लिहिलं. तेव्हापासून मागच्या बाकावरची रोज संध्याकाळी यायची. म्हणजे फोनवर यायची.

'बाई, जेवायला काय केलंत? एकटीसाठी करायचा कंटाळा येतो ना? तरी करा.'

'बाई, गुडघा कसा आहे?'

'बाई, आज गप्प गप्प आहात. काय झालं?'

"मला कुणी आजवर असं विचारलं नव्हतं ग," असं बाई स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणायच्या आणि मग टंकायच्या. एकदा त्यांनी तिला घरी बोलावलंही. पण तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तिचा पाय घरातून निघत नव्हता. बाईंनी फार आग्रह केला नाही. आहे ते जाईल की काय, अशी भीती वाटली.

*

तेवढ्यात निवडणूक जवळ आली आणि वसाहतीत 'भावी' उगवले.

यांचं खरं नाव लोक विसरून गेले होते. दोनदा निवडणुकीत आपटल्यावरही प्रत्येक फलकावर यांच्या नावाआधी 'भावी प्रतिनिधी' असायचं, म्हणून सगळे त्यांना भावीच म्हणायचे. भावींना वसाहतीच्या मधोमध असलेलं सार्वजनिक वाचनालय पाडून तिथे दुकानांची इमारत उठवायची होती. त्यासाठी रहिवाशांच्या सभेत हात वर करून संमती हवी होती.

वाचनालयात तसंही हल्ली कुणी फिरकत नव्हतं. पूर्वी तिथे वर्तमानपत्रावरून भांडणं व्हायची, गळक्या नळावरून अर्ज लिहिले जायचे, मतं कुणाला द्यायची यावर टेबल बडवलं जायचं. आता ती सगळी भांडणं फोनवर होती. फोनवरच्या भांडणात समोरच्याला खुर्ची द्यावी लागत नाही आणि त्याच्या हातात चहाही द्यावा लागत नाही.

सभेच्या आधीच्या आठवड्यात मनकवड्यांचा आवाज जड झाला.

"लेकरांनो, मी राजकारण करत नाही. पण मला एक जुनी वास्तू दिसतेय. तिच्या भिंतींत दुःख साचलंय. ती उभी आहे तोवर तुमचा एकटेपणा जाणार नाही. एक माणूस ती दूर करायला पुढे आला आहे. मी नाव घेणार नाही." इथे लांब श्वास. "भविष्यात काय 'भावी' आहे, ते तुम्ही जाणताच."

नाव न घेण्याचा हा प्रकार बाईंना खटकला. ज्याला माणसांच्या मनातलं दिसतं, त्याला मोक्याची जागाही कशी दिसते? भाजी चिरता चिरता त्यांच्या डोक्यात दुसरा प्रश्न आला, आणि त्यांचा हात थांबला.

घड्याळाचं मी कुणाला सांगितलं होतं?

मुलाला नाही. त्याला घड्याळ बंद आहे हेच माहीत नव्हतं. घरात तर कुणी येतच नव्हतं. सांगितलं होतं फक्त एकीला.

बाईंनी तो विचार झटकून टाकला. तो परत आला. त्यांनी भांडी घासली, कपाट आवरलं, आधीच स्वच्छ असलेली खिडकीची चौकट पुसली. विचार काही हलेना. शाळेत कॉपी पकडण्याची बाईंची एक रीत होती. दोन मुलांची उत्तरं बरोबर असतील तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं. पण दोघांची चूक हुबेहूब तीच असेल, तर एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं आहे.

म्हणजे मनकवड्यांपुढे एक चूक ठेवायची. खऱ्या मनकवड्याला खोटं मनात आहे हेही कळेल. आणि ज्याने बघून लिहिलंय, तो ती चूक तशीच उतरवून काढेल.

रीत सोपी होती. पण ती मागच्या बाकावरच्या मुलीवर वापरायची होती. बाई दोन दिवस फोनजवळ गेल्या नाहीत. चूक उतरली तर काय जाईल हे त्यांना पक्कं माहीत होतं. संध्याकाळ जाईल. रोजची.

शेवटी त्यांनी लिहिलं. 'आज फार उदास आहे. माझी धाकटी बहीण होती. एका क्षुल्लक भांडणावरून मी तिच्याशी अबोला धरला. ती आजारी होती तरी गेले नाही. ती गेली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.'

बाई एकुलत्या एक होत्या. त्यांना सख्खी, चुलत, मावस, कसलीच बहीण नव्हती.

उत्तर लगेच आलं. 'बाई, किती सोसलंत हो एकटीने. रडा. मी आहे.'

'मी आहे' वाचून बाईंना वाटलं, तिला आत्ताच सांगून टाकावं, 'खोटं बोलले ग, माफ कर.' बोट अक्षरांवर टेकलं होतं. पण मग त्यांनी फोन उशाखाली सारला आणि पाठ फिरवून झोपल्या. जन्मात पहिल्यांदा आपलं गणित चुकावं असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मनकवडे म्हणाले, "तिसऱ्या इमारतीतल्या माउली, आज तुझ्या उंबऱ्याशी मला एक सावली दिसतेय. तुझी धाकटी बहीण. अबोला संपलाय, माउली. तिने तुला क्षमा केली आहे."

ग्रुपवर जोडलेले हात बरसायला लागले. बाईंना जन्मालाच न आलेल्या बहिणीने माफ केलं होतं, आणि सगळी वसाहत त्याबद्दल गहिवरली होती. बाईंना हसायला यायला हवं होतं. त्या जागच्या जागी बसून राहिल्या. खोलीत आपण एकट्या आहोत हे त्यांना नवीन नव्हतं. पण आजवरही आपण एकट्याच होतो, हे नवीन होतं.

*

सभा वाचनालयातच होती. कित्येक महिन्यांनी तिथल्या खुर्च्या भरल्या. लोक एकमेकांकडे बिचकत बघत होते. फोनवर रोज भेटणारी माणसं समोरासमोर आली की काय बोलावं हे कुणाला सुचत नव्हतं. भावींनी पांढरेशुभ्र कपडे घातले होते आणि हात कोपरापासून जोडले होते. सुरुवातीलाच कर्ण्यातून मनकवड्यांचा आवाज सोडण्यात आला. जिना, कठडा, साचलेलं दुःख, सगळं यथासांग झालं.

"तर मंडळी, हात वर करा," भावी म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. "त्याआधी मला एक विचारायचंय."

"विचारा ना बाई! तुमच्या बहिणीचं ऐकून मला तर रात्री झोप लागली नाही."

"मला बहीण नाही," बाई म्हणाल्या. "कधीच नव्हती. मी मुद्दाम खोटं सांगितलं होतं, आणि ते एकाच व्यक्तीला सांगितलं होतं. माझी जुनी विद्यार्थिनी म्हणवणाऱ्या एका बाईला, फोनवर. मनकवड्यांनी तेच खोटं दुसऱ्या दिवशी खरं म्हणून वाचून दाखवलं."

सभेत कुजबुज झाली. मागून एक जण ओरडला, "एखाद्या वेळी चुकला असेल माणूस! देवमाणूस झाला म्हणून काय!"

"बरं," बाई म्हणाल्या. वर्गात विचारायच्या तसंच त्यांनी विचारलं. "आता हात वर करा. वाचनालयासाठी नव्हे. तुमच्यापैकी कुणाला रोज संध्याकाळी फोनवर कुणीतरी विचारतं, जेवलात का? बरे आहात ना? आणि त्या माणसाला तुम्ही प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही?"

कुणी हलेना. मग सातव्या इमारतीतल्या बसचालकांचा हात हळूहळू वर गेला.

"माझ्या बसने ती रोज कॉलेजला जायची म्हणते," ते म्हणाले. "म्हणते, तुम्ही माझ्यासाठी थांबायचात. मी थांबायचो हो पोरांसाठी."

मग औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या काकूंचा हात. त्यांना विचारणारी त्यांच्या गेलेल्या मैत्रिणीची नणंद होती. मग शिंप्याचा हात, त्याला एक लष्करातला भाचा भेटला होता. मग एकेक करत इतके हात वर झाले, की बाईंनी मोजणं सोडून दिलं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याला मिळालेलं माणूस फक्त आपलंच आहे. आणि बोललात की प्रभाव ओसरतो, म्हणून कुणी कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

"त्या माणसाला तुम्ही जे सांगता, ते मनकवड्यांना दिसतं," बाई म्हणाल्या. "आणि आपली जुनी शाळा, जुनी नोकरी, गेलेली माणसं, हे सगळं आपण स्वतःच फोटोखाली लिहून ठेवलेलं असतं. एवढीच दिव्यदृष्टी आहे ही."

भावींचा चेहरा लाल झाला. हा माणूस खोटं बोलण्यात तरबेज होता, पण अपमान झाला की त्याच्या तोंडावर ताबा राहत नसे.

"अहो, मग वाईट काय केलं?" ते कडाडले. "चार मुली दिवसभर फोन घेऊन बसतात माझ्या कचेरीत! पगार देतो त्यांना! तुमचे गुडघे, तुमची औषधं, तुमच्या रडकथा, सगळं ऐकून घेतात. सेवा आहे ही, सेवा! तुमची स्वतःची मुलं विचारतात का? शेजारी विचारतात? आम्ही विचारलं!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. पण सभेत कुणी हसलं नाही की ओरडलं नाही. लोक खाली बघत होते. कचेरी, मुली, पगार, यांपेक्षा त्यांना शेवटचं वाक्य लागलं होतं, आणि ते खरं होतं.

बाईंनाही ते लागलं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "आम्हाला कुणी विचारत नव्हतं. म्हणून तर आम्ही फसलो. आम्ही मूर्ख नव्हतो, एकटे होतो. आणि त्या विचारपुशीच्या बदल्यात तुम्ही आमचा हात मागितलात, हा वर करायचा हात." मग त्या लोकांकडे वळल्या. "माझी एकच विनंती आहे. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर त्याला हात जोडण्याआधी स्वतःला विचारा, हे मी कुणाला सांगितलं होतं? मग शेजारच्याला विचारा, तुलाही कुणी असंच ओळखलं का? कुणी म्हणालं की दुसऱ्याशी बोलू नका, तर त्या क्षणी उठा आणि दुसऱ्याशी बोला. बुद्धी वापरायला शिक्षण लागत नाही. विचारायचं धाडस लागतं, आणि उत्तर ऐकायचं त्याहून जास्त."

टाळ्या पडल्या नाहीत. ठराव मात्र पडला. वाचनालय राहिलं. बाहेर पडताना काकू बाईंच्या अंगावरून सरळ निघून गेल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीची नणंद चांगली होती हो. तुम्हाला काय मिळालं?"



*

त्या संध्याकाळी आठ वाजता मनकवडे बोलले नाहीत. ग्रुपवर उगवता सूर्यही दिसेनासा झाला. बाईंनी भात लावला, एक घास खाल्ला आणि झाकून ठेवला.

सकाळी फोनवर एक निरोप होता. 'बाई, मला त्यांनीच बसवलं होतं. पण तुमचा गुडघा मी मनापासून विचारायचे. तेवढं खोटं नव्हतं.'

बाईंनी तो पुन्हा पुन्हा वाचला. विश्वास ठेवावा असं फार वाटलं. त्यांनी लिहिलं, 'वाचनालयात ये. मी दुपारी असते. समोर बसून बोलू. रागावणार नाही.'

दुपारी त्या जाऊन बसल्या. दार उघडं, पंखा फिरत होता, टेबलावर वर्तमानपत्र. बऱ्याच वेळाने पावलं वाजली तेव्हा बाई अर्धवट उठल्या. दारात बसचालक होते. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा.

"वाचायला आलात?" बाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे, तसं नाही." त्यांनी फोन काढून पुढे धरला. 'काका, मला त्यांनीच बसवलं होतं. पण तुम्ही जेवलात का हे मी मनापासून विचारायचे. तेवढं खोटं नव्हतं.'

बाईंनी आपला फोन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि खुर्चीत बसले.

"मीही तिला इथेच बोलावलं," ते म्हणाले. "कळत होतं हो मला. तरी म्हटलं, न जाणो."

"मीही तेच म्हटलं."

"आली तरी ती खरी तीच, हे ओळखणार कसं तुम्ही?"

"विचारलं असतं. माझ्या वर्गात मागच्या बाकासमोर खांब होता. तिथून फळा अर्धाच दिसायचा. जी खरंच तिथे बसली असेल, तिला ते ठाऊक असणार." बाई जरा थांबल्या. "पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. सुचलं नव्हतं असं नाही. तिला आलं नसतं तर, म्हणून विचारलं नाही."

बसचालकांनी मान हलवली. काय बोलायचं असतं ते दोघांनाही आठवत नव्हतं. मग बाईंनी वर्तमानपत्र बाजूला सारलं.

"तुमची मुलगी काय करते?"

"मुलगी?" त्यांनी चष्मा नाकावर घेतला. "ती लांब असते. कापडाच्या गिरणीत देखरेखीला आहे. लहान असताना माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसायची, थांबे पाठ होते तिला सगळे."

ते सांगत गेले. बाई ऐकत होत्या, मध्येच विचारत होत्या. आणि सांगता सांगता त्यांनी दोनदा दाराकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं.